काजळीची हाक

मित्रांनो, मी टेपरेकॉर्डर आहे. जुना, खांद्याला अडकवायचा, कातडी पट्ट्याचा. आपली जीवनकहाणी सांगायला बसलेल्या बहुतेक वस्तू स्वतःवर झालेला अन्याय सांगतात. छत्री म्हणते मला विसरले, खुर्ची म्हणते मला मोडलं. माझं उलट आहे. मला पुसून, झाकून, जिवापाड जपलं गेलं. अन्याय झाला तो माझ्या हातून, आणि तोही अशा जिवावर, ज्याला गाऱ्हाणं कुठे मांडायचं हेसुद्धा ठाऊक नव्हतं. तुम्ही मला माफ करावं म्हणून हे सांगत नाही. जन्मभर मी ऐकण्याचं काम केलं, आज थोडा वेळ तुम्ही ते करा.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे बायका रांगेनं बसून आमची अंगं जोडत. एकीनं माझी चाकं बसवली, एकीनं फितीवरचा आवाज वाचणारं डोकं बसवलं, आणि रांगेत शेवटी बसलेल्या बाईनं लाल बटण दाबून माझ्याशी पहिले शब्द उच्चारले : “एक, दोन, तीन. ऐकू येतंय का?” मग तिनं मला तेच परत म्हणायला लावलं. मी म्हटलं. ती हसली आणि माझ्या पाठीवर ‘पास’ची चिठ्ठी चिकटवली. आपण हुबेहूब बोललो की माणसं हसतात, एवढं मला त्या दिवशी कळलं, आणि त्या हसण्याची मला चटक लागली.

पुढे मी ज्या बाईंच्या खांद्यावर आलो, त्या माकडांचा आणि त्यांच्या साऱ्या गोतावळ्याचा अभ्यास करत. कुणी बोलू लागलं की त्या समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, मान तिरकी करून कान पुढे करत. म्हणून सगळे त्यांना कानबाई म्हणत. त्यांचं काम एका प्राणिघरात चाले. मधून एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना जाळीच्या खोल्या आणि प्रत्येक खोलीमागे झाडं लावलेलं मोकळं अंगण. सर्कशीतून सोडवलेले, कुणाच्या तरी घरातून जप्त केलेले, खोक्यांत कोंबून विकायला नेताना सापडलेले प्राणी तिथे आणून ठेवत. किल्ल्यांचा जुडगा असे तात्यांकडे. तात्या तिथले रखवालदार, सव्वीस वर्षांचे जुने. कुठल्या प्राण्याचं पोट कशानं बिघडतं हे त्यांना स्वतःच्या पोटापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मला डोळे नाहीत. पण कानबाईंना जे दिसे ते त्या हळू आवाजात माझ्यात बोलून ठेवत, त्यामुळे मी त्यांच्या तोंडून बघितलं. पहिल्या महिन्यातच मी सगळ्या गोतावळ्याला भेटलो. गिबन या लांब हातांच्या वानरांचं जोडपं सकाळी एकमेकांच्या सुरात सूर मिसळून गायचं. तांबड्या तोंडाच्या माकडांनी जाळीतून हात घालून माझा पट्टा ओढला आणि एकानं माझं एक बटण चक्क चावून बघितलं. लोरिस, तो मोठ्या डोळ्यांचा, रात्री जागणारा छोटा प्राणी, मात्र गप्प. त्याच्या दाराशी मी तासभर चालू राहिलो, आणि मिळालं काय, तर तात्यांचा खोकला.

कानबाईंचा जीव होता तो लेमुरांवर. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची लांब शेपटी, कोल्ह्यासारखं तोंड, कुत्र्यासारखं ओलं नाक. खालचे पुढचे दात कंगव्यासारखे, त्यांनी ते एकमेकांचे केस विंचरत. सकाळी उन्हाकडे पोट करून, हात गुडघ्यांवर टाकून ओळीनं बसत. खायला ठेवलं की आधी माद्या जेवणार, नर मागून. पाहुण्यांना याचं नवल वाटे. तात्या म्हणत, आमच्या घरीही हेच आहे, फक्त त्यावर कुणी संशोधन करत नाही.

शाळेची मुलं आली की कानबाई त्यांना सांगत, की लेमूर आपले फार दूरचे भाऊबंद. काही कोटी वर्षांपूर्वी त्यांचा आणि आपला पूर्वज एकच होता. मग वाटण्या झाल्या. एक शाखा, बहुधा पुरात वाहून गेलेल्या झाडांच्या तराफ्यावर बसून, समुद्रातल्या एका मोठ्या बेटाला लागली. तिथे माकडं नव्हती, स्पर्धा नव्हती. तिचे वंशज हवे तसे वाढले. कुणी मुठीत मावेल एवढं राहिलं, कुणी उभ्यानं या खोडावरून त्या खोडावर उड्या मारायला लागलं, कुणी लाकडावर बोट वाजवून आतली अळी हुडकायला शिकलं. मागे राहिलेल्या फांदीला माकडं आली, वानरं आली आणि एका टोकाला आपण आलो, तिकीट काढून त्यांना बघायला.

लेमुरांच्या हाका निरनिराळ्या होत्या. घार दिसली की एक, जमिनीवरून कुत्रं आलं की दुसरी. पण कानबाईंचं लक्ष होतं तिसऱ्या हाकेवर. कळपातलं कुणी पानाआड गेलं, की ते मांजरीसारखा लांब आवाज काढी. त्याचा अर्थ एवढाच : मी इथे आहे, तुम्ही कुठे? आणि बाकीचे जिथे असतील तिथून ओ देत. कानबाईंना जाणून घ्यायचं होतं, की हाक कुणाची आहे हे त्यांना ओळखू येतं का? आपण फोनवर नुसतं “हं” ऐकून माणूस ओळखतो. माकडंही ओळखतात. लेमूरही ओळखत असतील तर ही ओळख बहुधा वाटणीच्या आधीपासूनची, सगळ्यांच्या जुन्या एकत्र घरातली. म्हणून त्यांनी कळपातल्या अकराही जणांच्या हाका माझ्यात भरल्या.

त्या हाका घेऊन मी एका मोठ्या सभागृहात गेलो. पांढऱ्या केसांचे अभ्यासक पुढे झुकून ऐकत होते. एक वृद्ध प्राध्यापक म्हणाले, पुन्हा लावा. मी पुन्हा म्हटलं, आणि सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला वाटलं की टाळ्या लेमुरांना नाहीत, मला आहेत.

कळपाची म्होरकी होती काजळी. तात्यांनीच नाव ठेवलेलं. डोळ्यांभोवतीचं काळं तिच्याइतकं ठसठशीत कुणाचंच नव्हतं. तिची हाक खालून सुरू होई, मध्येच दोरा उसवावा तशी फाटे आणि मग वर चढे. त्या फाटलेल्या आवाजाला एक बारीक ओ ठरलेली असे. ती ठिपकीची. ठिपकी म्हणजे काजळीची मुलगी, नाकावर पांढरा ठिपका असलेली, अकरा महिन्यांची. दूध सुटलं होतं, पण झोप आईच्या कुशीतच.

थंडीच्या तोंडाशी तात्यांच्या लक्षात आलं, की काजळी एकाच बाजूनं चावते आहे. डॉक्टरांना दाताच्या मुळाशी पू सापडला. विष रक्तात भिनलं होतं. तिला उपचाराच्या खोलीत नेलं, आणि तिसऱ्या दिवशी ती तिथेच गेली. कळपाला यातलं काही दिसलं नाही. त्यांच्या लेखी काजळी दारातून बाहेर गेली होती, एवढंच.

ठिपकी हाका मारू लागली. कानबाई मोजून माझ्यात बोलत : पहिला दिवस, एकशे बारा. कळप तिला ओ देई, पण ती तिकडे जात नसे, कारण ती ओ आईची नव्हती. पाचवा दिवस, त्रेचाळीस. नववा दिवस, चार. दहाव्या दिवशी काजळीची बहीण, जिला तात्या मावशीच म्हणत, ठिपकीशेजारी येऊन बसली आणि दातांनी तिची मान विंचरू लागली. थंडीत लेमूर एकमेकांना बिलगून, शेपट्या गुंडाळून, एकच मोठा गोळा करून झोपतात. बाराव्या दिवशी त्या गोळ्यात ठिपकी होती. तात्यांनी आपल्या डब्यातलं सफरचंद कापून सगळ्यांना वाटलं.

सगळं इथेच थांबायला हवं होतं.

पण कानबाईंच्या हातात काजळीची कॅसेट होती. बोळातल्या टेबलाशी त्या बराच वेळ ती नुसती उलटीसुलटी करत बसल्या. मग तात्यांना म्हणाल्या, की गेलेल्या आईचा आवाज लेकराला किती दिवस ओळखू येतो, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. तात्यांनी मान हलवली. ती आत्ता कुठे जेवायला लागली आहे, म्हणाले. कानबाई म्हणाल्या, एकदाच. तात्यांनी किल्ली काढली. अंगणाच्या कोपऱ्यात, पानांच्या आड, माझा लांब तारेचा स्पीकर त्यांनीच ठेवला.

आता माझी एक गोष्ट कबूल करतो. मी फिती गिळायचो. चांगली चालू असलेली कॅसेट माझ्या चाकांत अडकून सुरळी व्हायची आणि कानबाई पेन्सिल घालून ती सोडवत बसायच्या. महत्त्वाच्या दिवशीही मी असा दगा दिलेला आहे. त्या दिवशी मात्र मी तेल घातल्यासारखा चाललो. एक खरखर नाही, एक झटका नाही. यंत्राला कुठे मन असतं, असं तुम्ही म्हणाल. असेल. पण मला त्या सभागृहातल्या टाळ्या आठवत होत्या, आणि मला हुबेहूब बोलायचं होतं.

मी हाक मारली. खालून सुरू झालो, मध्ये फाटलो, वर चढलो.

कळप एका क्षणात गप्प झाला. कानबाई कुजबुजत होत्या : “सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे. मावशी उभी राहिली. ठिपकी निघाली.” तिनं ओ दिली, ती मी स्वतः ऐकली. फांद्यांवरून ती अशी आली की एकदाही थांबली नाही. पानं बाजूला केली. तिथे काजळी नव्हती. ओल्या नाकानं तिनं स्पीकरची जाळी हुंगली, चाटली, मागे जाऊन बघितलं, पुन्हा पुढे आली. मग जाळीला कान लावून बसली. अंधार पडेपर्यंत बसली.

कानबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. उत्तर मिळालं होतं. पण विज्ञानाची एक सवय आहे, मित्रांनो. एकदा घडलं तर त्याला ते योगायोग म्हणतं. म्हणून तीन दिवसांनी पुन्हा, मग पुन्हा. दहा वेळा करायचं ठरलं. तात्या दर वेळी दार उघडून देत. मी दर वेळी हुबेहूब बोलत असे.

चौथ्या वेळेनंतर ठिपकी त्या कोपऱ्यातून हलेनाशी झाली. स्पीकर काढून नेला तरी ती तिथेच, जमिनीलगत. गोळ्यात झोपायला जाईना. मावशी दोनदा तिला न्यायला आली, तिसऱ्यांदा आली नाही. लेमुरांच्या माद्यांचा एक कठोर कायदा असतो. जो आपल्यात झोपत नाही तो आपला नाही. त्यांनी तिला खाण्यावरून हाकललं, मग उन्हातून हाकललं. ठिपकीला त्याचं काही नव्हतं. तिची आई परत आली होती, आता दिसायचीच काय ती राहिली होती. मी खोटा आवाज काढला नव्हता. आवाज खराच होता. त्या खऱ्या आवाजानं मी तिला खोटं सांगत होतो.

सातव्या वेळेनंतरच्या सकाळी तात्यांना ती सिमेंटच्या जमिनीवर सापडली. अंग गार, कानाचा तुकडा गेलेला, शेपटीला दातांच्या खुणा. त्यांनी तिला सदऱ्याच्या आत घालून डॉक्टरांकडे पोचवलं आणि तसेच बोळात आले. कानबाई टेबलाशी होत्या, मी त्यांच्यासमोर.

“बाई, तिनं शोधणं सोडलं होतं,” तात्या म्हणाले. “नऊ दिवस लागले तिला. आपण तिला परत शोधायला लावलं.”

“तीनच राहिलेत, तात्या. दहा झाल्याशिवाय कुणी मानणार नाही.”

“दहाव्यांदा वेगळं काय कळणार आहे? तिला आई आठवते हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तुम्हालाही कळलं.” ते खाली बसले. “मी तुम्हाला एकट्यांना बोलत नाहीये. दार मीच उघडून दिलं. पण तिला कोण सांगणार, की हाक विचारण्यासाठी मारली होती, बोलावण्यासाठी नव्हती?”

तात्या गेल्यावर कानबाईंनी लाल बटण दाबलं. “निरीक्षण,” त्या म्हणाल्या. “प्रयोग थांबवला आहे. कारण...” आणि पुढे शब्द नाही. फीत संपून बटण आपोआप उठेपर्यंत मी फिरत राहिलो. त्या फितीवर बावीस मिनिटं एका माणसाचा श्वास आहे. माझ्यात भरलेल्या आवाजांपैकी तेवढाच एक मला कुणापुढे हुबेहूब म्हणावासा वाटला नाही.

पुढचे चार महिने कानबाईंनी दुसरं काही केलं नाही. प्राणिघराचे मोठे साहेब म्हणाले की अर्ध्या वर्षाचं काम पाण्यात गेलं. त्या म्हणाल्या, जाऊ दे. ठिपकीची जखम भरल्यावर तात्यांनी तिला बाजूच्या लहान खोलीत ठेवलं आणि तिच्यासोबत फक्त मावशीला. ऊब देणारा दिवा एकच, तोही एकाच कोपऱ्यात. पहिले दोन दिवस दोघी दोन टोकांना. तिसऱ्या दिवशी थंडीनं जे समजावलं ते कुणाला समजावता आलं नसतं. मग एक म्हातारी मादी आत सोडली, मग आणखी एक. तात्या दाराशी स्टूल टाकून बसत आणि कुणी दात दाखवले की नुसतं घसा खाकरत. उन्हाळा लागायच्या आत ठिपकी पुन्हा कळपात आली. गोळ्यात तिला जागा मिळाली, पण कडेची, पाठ उघड्यावर.

ती जगली. खाऊ लागली, उन्हात बसू लागली, घार दिसली की सगळ्यांबरोबर ओरडू लागली. म्हणजे आवाज शाबूत होता. पण पानाआडून कुणी हाक मारली, की सगळे ओ देत आणि ठिपकी गप्प राही. मानसुद्धा वळवत नसे. मावशीच्या हाकेलाही नाही. हाक म्हणजे तिकडे कुणी तरी आहे, हा तिच्या कुळाचा कोट्यवधी वर्षांचा विश्वास. बेटावर, वादळात, अंधाऱ्या जंगलात त्यानं त्यांना सोबत दिली होती. तो मी सात वेळा बोलून एका जिवापुरता मोडला.

तीन वर्षांनी ठिपकीला पिल्लू झालं. ते महिन्याचं झालं, तिच्या पाठीवरून उतरू लागलं आणि एका सकाळी अंगणाच्या पलीकडच्या टोकाला पानांत हरवलं. त्यानं हाक मारली. कानबाई बोळात होत्या, मी त्यांच्या खांद्यावर, त्यांचं बोट माझ्या लाल बटणावर. तात्या हातातली बादली खाली न ठेवता उभे राहिले. साऱ्या माद्यांनी बसल्या जागेवरून ओ दिली. ठिपकीनं दिली नाही. पिल्लानं दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. मग मला पानं सळसळल्याचं ऐकू आलं, एक उडी, दुसरी उडी, आणि पिल्लाचा आवाज मध्येच बंद झाला, कारण त्याचं तोंड आईच्या केसांत गेलं होतं.

“बोलली नाही,” तात्या हळूच म्हणाले. “पण गेली.”

कानबाईंनी बटण दाबलंच नव्हतं. म्हणून ती सकाळ माझ्याजवळ फितीवर नाही, ती मला अशी सांगावी लागते.

आता माझी चाकं झिजली आहेत. नवी यंत्रं काडेपेटीएवढी आहेत आणि फीत गिळत नाहीत. मी कानबाईंच्या खोलीत कपाटावर असतो. दर वर्षी शिकायला नवी मुलंमुली आली, की त्या मला खाली घेतात, टेबलावर ठेवतात आणि काहीही न लपवता हे सगळं सांगतात. काजळीची कॅसेट टेबलाच्या खणात आहे. कुणी तरी विचारतंच, आम्हाला ऐकवाल का? त्या म्हणतात, नाही, ती हाक तुमच्यासाठी नव्हती. एकीनं विचारलं, मग पुसून का टाकत नाही? कानबाई म्हणाल्या, “पुसली तर मी विसरेन.”

मित्रांनो, तुमच्या खिशात आज माझ्याहून चलाख यंत्रं आहेत. झाडावरच्या पाखराला त्याच्याच जोडीदाराच्या आवाजात बोलावता येतं. मांजरीच्या पिल्लाला आईचा आवाज ऐकवून गंमत बघता येते. आवाज खरा असतो, आणि ते बिचारं खरंच येतं. मुके जीव कपाळाला आठ्या घालून चौकशी करत नाहीत, हाक आली की निघतात. म्हणून कुणालाही हाक मारण्याआधी एवढं बघा, की तो आला तर तिथे त्याला कोण भेटणार आहे.

ठिपकी सात वेळा आली. सातही वेळा तिथे मी होतो.